आत्माविष्कार कोणाचा? जोको पेकिक यांची चित्रे आणि इंडोनेशियाचा इतिहास

दलित लेखकाच्या आत्माविष्काराविषयी बोलताना आपल्याकडे दोन बाजूंनी दोन आक्षेप घेतले जातात. कलावादी समीक्षक म्हणतो, हा आक्रोश आहे, यात कला कोठे आहे? चळवळीतला कार्यकर्ता म्हणतो, हे तुझे वैयक्तिक रडगाणे झाले, यात समाज कोठे आहे? पहिल्याला आमच्या लेखनात ‘मी’ दिसतच नाही, नुसता जमाव दिसतो. दुसऱ्याला ‘मी’खेरीज काहीच दिसत नाही. या कात्रीत सापडलेली चांगली लिहिणारी मुले मी माझ्याच महाविद्यालयात गप्प होताना पाहिली आहेत. म्हणून या प्रश्नाकडे थोडे दुरून, दुसऱ्या एका देशाच्या इतिहासातून पाहावे असे मला वाटते.

निमित्त वर्गातच घडले. मी पदवीच्या वर्गाला आधुनिक आशियाचा इतिहास शिकवतो. आमच्या क्रमिक पुस्तकात इंडोनेशिया म्हणजे 1955 ची बांडुंग परिषद, सुकार्नो, नेहरू आणि अलिप्ततावाद. त्यानंतर एकच ओळ येते : 1965 नंतर तेथे सत्तांतर होऊन सुहार्तो सत्तेवर आला. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, सत्तांतर झालं म्हणजे नेमकं काय झालं? आधीच्या बाजूची माणसं कुठं गेली?” मला उत्तर देता आले नाही. माझ्या घरात मी पहिला पदवीधर. पुस्तकातली ओळ खरी मानायची आणि ती पाठ करायची, या सवयीवरच मी येथवर आलो आहे. त्या मुलीला ती सवय नव्हती. उत्तर शोधताना मी जोको पेकिक या चित्रकारापर्यंत पोचलो. त्यांची मूळ चित्रे मी पाहिलेली नाहीत, प्रतिमाच पाहिल्या आहेत; पण जे सांगायचे ते त्यावरूनही सांगता येईल.

पेकिक यांच्याआधी दोन माणसांची ओळख करून दिली पाहिजे. पहिला माणूस सुजोयोनो. जन्म 1913, सुमात्रा बेटावर किसारान येथे. आईबाप जावा बेटावरून मळ्यावर मजुरीला आलेले. त्या मळ्यांवर 1880 च्या डच कायद्याने कुलीला करार मोडला तर सरळ शिक्षा होत असे. काम सोडून जाणे हा तेथे गुन्हा होता. एका शिक्षकाने या मुलाला जवळ केले, बटाव्हियाला म्हणजे आजच्या जकार्ताला नेले, आणि तो चित्रकार झाला. त्या काळी इंडोनेशियाची चित्रे म्हणजे ‘मोई इंडिये’, अर्थात ‘सुंदर हिंदेशिया’. मागे निळा डोंगर, मध्ये नारळीची झाडे, पुढे भाताची खाचरे. डच अधिकाऱ्याने ती विकत घ्यावीत आणि मायदेशी नेऊन दिवाणखान्यात लावावीत. सुजोयोनोने या तिघांची त्रिमूर्ती म्हणून टिंगल केली आणि विचारले की या चित्रांत आमचे जगणे कोठे आहे? 1938 साली त्याने व त्याच्या सोबत्यांनी ‘परसागी’ ही चित्रकारांची संघटना काढली. चित्र कसे असावे याविषयी त्याचे सूत्र दोन शब्दांचे होते : ‘जीवा केतोक’. ‘जीवा’ म्हणजे आपलाच ‘जीव’. हा शब्द संस्कृतातून तिकडे गेलेला. ‘केतोक’ म्हणजे दिसणारा. चित्रात चित्रकाराचा जीव दिसला पाहिजे.

हे सूत्र वरवर पाहता निव्वळ व्यक्तिवादी वाटते. पण ते कोणी मांडले हे ध्यानात घेतले पाहिजे. ज्या माणसाच्या बापाचे शरीर कराराने मळेवाल्याच्या ताब्यात होते, त्याने ‘मला जीव आहे, आणि तो दिसला पाहिजे’ असे म्हणणे ही भावनांची चैन नव्हे. डोंगर, नारळ आणि खाचर रंगवणाऱ्यांना जीव दाखवण्याची गरज नव्हती, कारण त्यांच्या जीवाविषयी कोणी शंका घेतली नव्हती. आत्माविष्काराची मागणी पहिल्यांदा तेच करतात ज्यांचा आत्मा नोंदवहीत धरलेला नसतो.

दुसरा माणूस अफांदी. याचा आपल्याशी प्रत्यक्ष संबंध आला आहे. चेरिबोन येथे 1907 साली जन्मलेला हा चित्रकार 1949 मध्ये शिष्यवृत्तीवर शांतिनिकेतनला आला. तुला आता आणखी शिकण्याची गरज नाही, असे तेथे त्याला सांगण्यात आले. मग त्याने तो पैसा भारतभर हिंडण्यात, चित्रे काढण्यात आणि प्रदर्शने भरवण्यात घालवला. पुढच्या काळात त्याने कुंचला जवळजवळ टाकूनच दिला. नळीतला रंग सरळ कापडावर पिळायचा आणि बोटांनी, तळहाताने पसरवायचा. भाव उसळला की कुंचला बुडवून आणायला वेळ कोठला? भिकारी, म्हातारी आई, कोंबड्यांची झुंज, स्वतःचा चेहरा हे त्याचे विषय. 1990 साली तो वारला तेव्हा त्याचे नाव जगभर झालेले होते. इंडोनेशियन चित्रकलेतील भावनाविष्कार म्हटले की सगळे अफांदीचे नाव घेतात. ते योग्यच आहे. पण अफांदीचा हात कोणी बांधला नव्हता. ज्याचा हात बांधला गेला त्याच्या भावनेचे काय होते, हा माझा प्रश्न आहे.

जोको पेकिक यांचा जन्म 1937 साली मध्य जावामधील ग्रोबोगन भागात, पुर्वोदादी येथे, शेतकरी कुटुंबात झाला. 1957 ते 1962 ते योग्याकर्ताच्या कला अकादमीत शिकले. तेथे आम्रुस नताल्स्या व इतर तरुणांनी 1961 मध्ये ‘बुमी तारुंग’ नावाचे कलापथक उभे केले होते. पेकिक त्यात सामील झाले. ‘बुमी’ म्हणजे भूमीच, आणि ‘तारुंग’ म्हणजे झुंज. हे पथक ‘लेक्रा’ या डाव्या सांस्कृतिक संघटनेशी जोडलेले होते. लेक्राची एक पद्धत होती, ‘तुर्बा’ : खाली उतरणे. कलावंताने खेड्यात जावे, शेतकऱ्याबरोबर राबावे, त्याच्याबरोबर जेवावे, त्याच्याच झोपडीत झोपावे. कल्पना प्रामाणिक होती, तिची थट्टा करण्याचे मला कारण नाही. पण शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्याने ‘खाली उतरावे’ म्हणजे कोठे उतरावे? तो तर तेथूनच चढून आलेला. आपल्याकडेही शहरातले मित्र वस्तीत ‘जाण्या’विषयी बोलतात, तेव्हा वस्तीतून आलेला कार्यकर्ता गप्प बसतो. ते गप्प बसणे मला ओळखीचे आहे.

1960 साली इंडोनेशियात जमीन सुधारणेचा कायदा झाला होता. जमीनदारांनी तो कागदावरच ठेवला. तेव्हा 1963-64 मध्ये जावामधील भूमिहीनांनी स्वतःच जमिनी ताब्यात घ्यायला सुरुवात केली, आणि गावोगाव हाणामाऱ्या झाल्या. त्याच 1964 मध्ये पेकिक यांनी ‘तुआन ताना कावीन मुडा’ हे चित्र काढले : जमीनदार कोवळ्या पोरीशी लग्न लावतो. जमिनीच्या लढ्याचे चित्र म्हणून कोणी मोर्चा रंगवला असता, मुठी रंगवल्या असत्या. पेकिक यांनी लग्न निवडले. जमिनीबरोबर घरातली मुलगीही जाते, हे पुस्तकातून कळत नाही. घरात राहून कळते. जकार्तातल्या प्रदर्शनात हे चित्र उत्तम चित्रांत गणले गेले. चित्रकाराचे वय तेव्हा 27.

त्याच सुमारास तेथे तोच वाद पेटला होता जो आपण येथे घालतो. लेक्राचे म्हणणे, राजकारण हाच सेनापती. त्याविरुद्ध 1963 मध्ये काही लेखक-कलावंतांनी ‘सांस्कृतिक जाहीरनामा’ काढून सर्जनाच्या स्वातंत्र्याचा आणि विश्वमानवतेचा पुकारा केला. 1964 च्या मे महिन्यात सुकार्नोने त्या जाहीरनाम्यावर बंदी घातली. लेक्राच्या लोकांनी या काळात विरोधी लेखकांना झोडपून काढले, त्यांची कोंडी केली, हे नाकारण्यात अर्थ नाही. आपल्या बाजूची माणसे होती म्हणून त्यांच्या दंडेलीला विद्रोह म्हणू नये. पण वादाचा निकाल वादाने लागला नाही.

1 ऑक्टोबर 1965 च्या पहाटे जकार्तात सहा सेनापती मारले गेले. सैन्याने त्याचा आरोप कम्युनिस्ट पक्षावर ठेवला, आणि पुढच्या काही महिन्यांत किमान पाच लाख माणसे मारली गेली. काही अभ्यासक हा आकडा दहा लाखांपर्यंत नेतात. मारणारे सैनिक होते तसे शेजारीही होते. मेलेल्यांत बहुसंख्य खेड्यातले शेतकरी, मजूर, शिक्षक, स्त्रिया. कित्येकांनी फक्त जमिनीसाठी नाव नोंदवलेले. याखेरीज लाखो लोक खटल्याशिवाय डांबले गेले. बारा हजारांच्या आसपास कैदी बुरु नावाच्या दूरच्या बेटावर वर्षानुवर्षे राबवले गेले. क्रमिक पुस्तकातल्या ‘सत्तांतर’ या शब्दाचा अर्थ हा आहे. मी तो पुढच्या तासाला वर्गात सांगितला.

पेकिक यांना नोव्हेंबर 1965 मध्ये पकडले. योग्याकर्ताच्या विरोगुनान तुरुंगात ते 1972 पर्यंत होते. आरोपपत्र नाही, खटला नाही. सुटले तेव्हा पस्तिशीत होते, म्हणजे आज माझे जे वय आहे साधारण तेवढे.

सुटका म्हणजे सुटका नव्हती. माजी राजकीय कैद्याच्या ओळखपत्रावर पुढे ‘ईटी’ ही दोन अक्षरे छापली जाऊ लागली. 1981 च्या सरकारी नियमांनी अशा माणसाला सरकारी नोकरी, सैन्य, शिक्षकी, वकिली, पत्रकारिता यांची दारे बंद केली. छायाबाहुल्यांचा खेळ करणारा ‘दालांग’ होण्याचीही त्याला मनाई होती. एवढ्यावर भागले नाही. ‘स्वच्छ परिसर’ नावाचे एक तत्त्व आले : स्वतः काही केले नसले तरी बाप, काका, सासरा यांपैकी कोणी त्या यादीत असेल तर मुलाला, पुतण्याला, जावयाला नोकरी नाही. डाग रक्तातून आणि सोयरिकीतून पसरतो असे सरकारनेच मानले. ‘स्वच्छ’ हा शब्द वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवले. जिल्ह्याच्या गावी शिकायला असताना मला खोली देण्यापूर्वी एका घरमालकाने आधी आडनाव विचारले, मग गाव, मग गावातली आळी. त्याने ‘जात’ हा शब्द तोंडातून काढला नाही. त्याला फक्त माझा परिसर स्वच्छ आहे का ते पाहायचे होते.

अर्थात दोन गोष्टी एक नव्हेत. तेथला डाग एका सरकारने काही महिन्यांत तयार केला. त्याला तारीख आहे, आदेशाचा क्रमांक आहे. आपल्याकडचा डाग धर्मग्रंथांनी आणि गावगाड्याने शेकडो वर्षे मुरवला आहे. तो कोणाच्या सहीने आला नाही, म्हणून कोणाच्या सहीने जातही नाही. उगाच साम्ये जोडून टाळ्या घेण्याची मला इच्छा नाही. पण डाग लागलेल्या माणसाच्या मनात काय घडते, तेवढ्यापुरते आपण एकमेकांना ओळखू शकतो.

तुरुंगातून आलेल्या पेकिक यांनी शिवणयंत्र घेतले. सुमारे पंधरा वर्षे ते शिंपी होते. अकादमीत शिकलेला, पारितोषिकाच्या चित्राचा मालक असलेला माणूस लोकांच्या विजारी शिवत बसला, बायकोसह आठ मुलांचा संसार ओढत राहिला. त्यांच्यावरच्या लेखांत ही पंधरा वर्षे एका वाक्यात उरकलेली असतात. शिवणकाम हा मला एका वाक्याचा विषय वाटत नाही. माझी थोरली बहीण नववीतून शाळा सोडून यंत्रावर बसली, आणि माझ्या पदवीची फी तिने ब्लाउज शिवून भरली. ती उरलेल्या चिंध्यांवर खडूने चित्रे काढत असे, मोर, बैल, आमची आजी; मग त्याच चिंध्या पायपुसण्यात जात. पेकिक यांची गोष्ट मी तिला सांगितली. ती कला वगैरे काही बोलली नाही. थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “पंधरा वर्सं शिवलं म्हनतोस, तर मापं घ्यावी लागलीच असतील. ज्यानं त्येला धरून दिलं त्येचंबी माप घेतलं आसंल.”

मी ग्रंथ वाचून हे मला सुचले नव्हते. ज्या गावात शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारले, त्या भागात सुटून आलेला कैदी गळ्यात टेप अडकवून बसतो. गिऱ्हाईक येते. त्याची मान मोजायची, छाती मोजायची, हात मोजायचा. ‘सैल ठेवू का?’ म्हणून विचारायचे. राग, भीती, लाज आणि पोटाची काळजी हे सगळे त्या टेपच्या दोन टोकांत. भावनेचा आविष्कार म्हणजे काय याविषयी सौंदर्यशास्त्रात बरेच लिहिले आहे. पण ज्याला भावना चेहऱ्यावर उमटू न देता पंधरा वर्षे काढावी लागतात, त्याच्याविषयी तेथे काहीच सापडत नाही. पेकिक यांच्या चित्रांतली हाडे निघालेली शरीरे, सायकलरिक्षावाले, रस्त्यावर नाचणाऱ्या बाया पाहताना आता मला वाटते, या माणसाने शरीरे मोजलेली आहेत.

1980 च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चित्रकलेच्या जगात दिसू लागले. 1990-91 मध्ये अमेरिकेत इंडोनेशियन संस्कृतीचा मोठा महोत्सव व्हायचा होता. त्यातील प्रदर्शनासाठी पेकिक यांची निवड झाली तेव्हा देशात वाद उठला. माजी कैद्याने देशाचे प्रतिनिधित्व कसे करायचे? गंमत अशी की तोवर अधिकृत कला ‘विश्वात्मक’ झाली होती. राजकारण वर्ज्य, व्यक्तीचे अंतरंग स्वागतार्ह. मग या व्यक्तीचे अंतरंग का चालत नव्हते? उत्तर सरळ आहे. त्याच्या अंतरंगात 1965 होते. ‘तुमचे खाजगी दुःख मांडा’ असे सांगणाऱ्या प्रस्थापितांना ते दुःख कोणी दिले हे मांडलेले नको असते. कलावाद्याचा आणि चळवळवाद्याचा, दोघांचाही आक्षेप येथे फोल ठरतो. पेकिक यांनी स्वतःच्या आत पाहिले की देश दिसत होता. आणि तो देश बाहेरून, खाली उतरून पाहणाऱ्या कोणाला दिसला नसता.

21 मे 1998 रोजी सुहार्तोने पद सोडले. ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, योग्याकर्तात पेकिक यांचे एक प्रचंड चित्र लोकांसमोर आले : ‘इंडोनेशिया 1998 : बेरबुरु चेलेंग’, म्हणजे रानडुकराची शिकार. एक अवाढव्य रानडुक्कर चारी पाय बांबूला बांधून उलटे टांगलेले आहे. दोन काटकुळी माणसे ते खांद्यावर वाहून नेत आहेत, आणि भोवती गर्दी लोटली आहे. हे डुक्कर कोण, हे कोणाला सांगावे लागले नाही. याआधी, सुहार्तो गादीवर असतानाच, 1996 मध्ये त्यांनी ‘रानडुक्कर राजाचे दूध’ हे चित्र काढलेले होते.

खरे सांगायचे तर चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला अडखळल्यासारखे झाले. आपल्याकडे डुक्कर ही शिवी आहे, आणि डुकरे राखणे काही जातींच्या माथी मारलेले आहे. दुष्टपणाला पुन्हा तेच जनावर का? मग भाषेतला फरक कळला. पाळीव डुकराला तिकडे ‘बाबी’ म्हणतात. ‘चेलेंग’ म्हणजे रानातले, रात्री शेतात घुसून उभे पीक लोळवणारे. विदर्भातल्या कोणत्याही कोरडवाहू शेतकऱ्याला ते समजावून सांगावे लागणार नाही. ही शिवी गावकुसाबाहेरच्याला दिलेली नाही. शेतकऱ्याच्या पोराने पीक खाणाऱ्याला दिलेली आहे.

आणि त्या चित्रातला भाव कोणता? विजयाचा, असे बहुतेक जण म्हणतात. मला तसे पूर्णपणे वाटत नाही. जनावर मेले तरी त्याचे वजन उरले आहे, आणि ते पुन्हा त्याच हाडकुळ्या खांद्यांवर आहे. गर्दी आनंदात आहे; ओझे दोघांवर आहे. पेकिक यांनी येथे आपला चेहरा रंगवलेला नाही. तरी सुजोयोनोच्या अर्थाने जीव कोठे दिसतो असे कोणी विचारले, तर मी त्या खांद्यांकडे बोट दाखवीन.

1999 मध्ये हे चित्र एक अब्ज रुपियांना विकले गेले, आणि शिंपी पेकिक हे ‘एक अब्जाचा चित्रकार’ झाले. ज्यांनी त्यांना वीस वर्षे विचारले नव्हते ते आता किमतीची चर्चा करू लागले. यावर नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. मी मुरडत नाही. ज्या बाजाराने शिंप्याच्या श्रमाची किंमत कधी नीट दिली नाही, त्याने एकदा चुकून जास्त दिली, एवढेच. त्या पैशाचे, योग्याकर्ताजवळ नदीकाठी त्यांनी केलेल्या घराचे आणि अंगणाचे वर्णन करण्यात लोकांना भारी रस असतो. मी ते सोडून देतो.

या मालिकेतले तिसरे चित्र 2000 सालचे. त्यात डुकराचे कलेवर आहे. चित्राचे नाव : ‘फुलांशिवाय, शोकाच्या तारेशिवाय’. सत्ताधीशाच्या मरणावर कोणी फूल टाकणार नाही, असा त्याचा उघड अर्थ. मला मात्र ते शब्द वाचून आधी दुसरीच माणसे आठवली. 1965 मध्ये नदीकाठी आणि रबराच्या मळ्यांत मारून पुरलेल्या लाखोंना फुले मिळाली नव्हती, आणि त्यांच्या घरच्यांनी उघड रडावे अशी सोय नव्हती, कारण रडणाराही यादीत गेला असता. पेकिक यांनी हे मनात धरले होते की नव्हते, हे मी म्हणणार नाही. पण त्यांच्या पिढीच्या माणसाला ‘शोकाची तार’ हे दोन शब्द निष्पापपणे लिहिता आले असतील असे मला वाटत नाही.

11 जानेवारी 2023 रोजी इंडोनेशियाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी 1965-66 च्या हत्याकांडासह बारा प्रकरणांत मानवी हक्कांचे गंभीर उल्लंघन झाल्याचे मान्य केले आणि खेद व्यक्त केला. माफी मागितली नाही. त्यानंतर सात महिन्यांनी, 12 ऑगस्ट रोजी, वयाच्या 86 व्या वर्षी जोको पेकिक वारले. वर्गातल्या त्या मुलीने अलीकडेच मला विचारले की ज्या आदेशाने 1966 मध्ये कम्युनिस्ट पक्षावर आणि त्याच्या विचारावर बंदी घातली गेली, तो आदेश कधी मागे घेतला. मी सांगितले, अजून घेतलेला नाही.